पन्नास किलोव्होल्टचे सर्किट आणि सिम्युलेटरची निवड

उच्च व्होल्टेजच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी सर्किट सिम्युलेशनचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे विचारणाऱ्याच्या हाती बहुधा एक तुलनात्मक तक्ता असतो. किंमत, नोडची (सर्किटातील जोडबिंदूंची) मर्यादा, लायब्ररीतील मॉडेलांची संख्या, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, असे रकाने त्यात असतात आणि ते ऑडिओ ॲम्प्लिफायर करणाऱ्यालाही तितकेच लागू पडतात. किलोव्होल्टांत काम करणाऱ्याला ज्यांची उत्तरे हवी असतात ते प्रश्न त्या तक्त्यात सापडत नाहीत: दहा किलोव्होल्टवर तरंगणाऱ्या गेटचे, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाचे, पंधरा व्होल्ट हा प्रोग्राम किती नेमके मोजतो, डायोड ब्रेकडाउनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे उलट व्होल्टेज न सोसून वाहू लागतो, हे त्याच्या मॉडेलला ठाऊक आहे काय, आणि स्कीमॅटिकवर कोणीही न काढलेले दोन-चार पिकोफॅरड हिशेबात कसे आणायचे. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवतो आणि एक ठरावीक सर्किट घेतो, ज्याचे उत्तर आधी कागदावर काढता येते. तेच सर्किट प्रत्येक प्रोग्रामला सोडवायला द्यायचे आणि तो कोठे अडखळतो ते पाहायचे.

माझे हे परीक्षेचे सर्किट म्हणजे ५० किलोव्होल्ट, १ मिलिअँपिअरचा डीसी पुरवठा. पावडर कोटिंगची स्थिरविद्युत बंदूक किंवा लहान क्ष-किरण नलिका यांना याच जातीचे पुरवठे लागतात. सुरुवातीला ५० किलोहर्ट्झवर चालणारा इन्व्हर्टर, त्यापुढे ५ किलोव्होल्टचे शिखरमूल्य देणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्यापुढे पाच पायऱ्यांचा कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन मल्टिप्लायर, म्हणजे डायोड आणि कपॅसिटर यांच्या पायऱ्यांनी व्होल्टेज वाढवत नेणारी रचना, ज्यातला प्रत्येक कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा. जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लिथियमचे अणुकेंद्रक फोडले ते याच रचनेच्या बळावर. मूळ कल्पना त्यांच्या आधीची, हाइनरिख ग्राइनाखर या स्विस शास्त्रज्ञाची. रचना इतकी जुनी असल्यामुळे तिचे गणित पाठ्यपुस्तकांत पक्के झालेले आहे, आणि परीक्षेसाठी ती सोयीची ठरते ती त्यामुळेच.

ते गणित असे. भार नसताना पाच पायऱ्यांतून ५० किलोव्होल्ट मिळतात. भार लावला की व्होल्टेज उतरते, आणि त्या उताराचे एकक म्हणजे भाराच्या प्रवाहाला वारंवारता आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराने भागून येणारी रक्कम; आपल्या आकड्यांत ती २० व्होल्ट येते. या रकमेला ज्याने गुणायचे तो गुणक पायऱ्यांच्या संख्येच्या घनाच्या दोन-तृतीयांशात वर्गाचा निम्मा भाग मिळवून आणि संख्येचा सहावा भाग वजा करून मिळतो. पाच पायऱ्यांना हा गुणक ९५ येतो, म्हणजे उतार १,९०० व्होल्ट. रिपलचा, म्हणजे आउटपुटमधल्या चढउताराचा, गुणक १५, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत ३०० व्होल्ट. तेच कपॅसिटर ठेवून पायऱ्या दहा केल्या तर गुणक ७१५ होतो आणि १०० किलोव्होल्टांतले १४.३ किलोव्होल्ट भारावरच गळून पडतात. डायोड आदर्श मानून कोणत्याही प्रोग्राममध्ये पाच पायऱ्यांचे सर्किट चालवले, तर ते स्थिरावल्यावर आउटपुटचे शिखर ४८.१ किलोव्होल्टच्या जवळ आले पाहिजे. दूर गेले तर दोष सर्किटाचा नाही, प्रोग्रामच्या सेटिंगचा किंवा आपल्या जोडणीचा आहे, हे लगेच कळते. एवढी साधी चाचणी पुष्कळ जण का घेत नाहीत हे मला कोडेच आहे. महिनाभराच्या चाचणी-लायसन्समध्ये लोक मेनू पाहण्यातच दिवस घालवतात.

येथे सिम्युलेटरांच्या घराण्याकडे थोडे पाहिले पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच येतात. आज आपण वापरतो त्यांतले बरेचसे प्रोग्राम स्पाइस या मूळ सिम्युलेटरचे वंशज आहेत. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते लिहिले आणि १९७३ मध्ये मांडले, आणि ते मुख्यतः इंटिग्रेटेड सर्किटांसाठी होते. किती चूक चालेल याची जी मर्यादा प्रोग्राम स्वतःहून धरून चालतो, ती त्या कामाला साजेशीच ठरली: प्रवाहासाठी १ पिकोअँपिअर, व्होल्टेजसाठी १ मायक्रोव्होल्ट आणि सापेक्ष चूक हजारात एक. काही मिलिव्होल्टांच्या आणि मायक्रोअँपिअरांच्या जगात हे आकडे अत्यंत काटेकोर आहेत. किलोव्होल्टांत गेल्यावर त्यांतले पहिले दोन विनाकारण कडक होतात आणि तिसरा धोकादायकरीत्या सैल होतो.

सैलपणाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. प्रत्येक नोडचे व्होल्टेज ग्राउंडपासून मोजले जाते आणि लागोपाठच्या दोन आवर्तनांत ते हजारात एकापेक्षा कमी बदलले की प्रोग्राम उत्तर मिळाले असे समजतो. आता १,७०० व्होल्टचे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट (स्विच म्हणून वापरायचे ट्रान्झिस्टर) एकावर एक रचून केलेला १० किलोव्होल्टचा पल्स-स्विच डोळ्यांपुढे आणा. सर्वांत वरच्या मॉस्फेटचा सोर्स आणि गेट हे दोन्ही नोड ग्राउंडपासून १० किलोव्होल्टच्या आसपास असतात. त्यांच्या हजारात एक म्हणजे १० व्होल्ट. ज्या गेटचा सगळा खेळ पंधरा-अठरा व्होल्टांत चालतो आणि ज्याचे उंबरठा-व्होल्टेज काही मोजक्या व्होल्टांचे असते, तेथे प्रोग्रामला १० व्होल्टांच्या चुकीची सूट मिळालेली असते. एवढी चूक दर वेळी होतेच असे नाही, रेषीय भागात तर उत्तर याहून कितीतरी नेमके येते. पण सूट तेथे आहे, आणि मॉस्फेट चालू-बंद होण्याच्या नेमक्या त्या काही नॅनोसेकंदांत, जेव्हा वरच्या-खालच्या मॉस्फेटांत व्होल्टेजची वाटणी ठरते, तिचा उपयोग होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

उपाय आहेत, पण ते वापरकर्त्याला ठाऊक असावे लागतात. सापेक्ष मर्यादा दहा लाखात एकापर्यंत आवळली की ही सूट १० मिलिव्होल्टवर येते, वेळ मात्र वाढतो. त्याच वेळी प्रवाहाची मर्यादा १ पिकोअँपिअरवरून नॅनोअँपिअरवर आणि व्होल्टेजची मायक्रोव्होल्टवरून मिलिव्होल्टवर सैल करावी, म्हणजे प्रोग्राम निरर्थक बारकाव्यात अडकून बसत नाही. ग्राउंडची खूण तरंगत्या भागावर हलवणे ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे, मात्र तरंगते भाग अनेक असतील तर तिचा फायदा एकालाच मिळतो. एलटीस्पाइस या स्पाइसच्या वंशजात ‘अल्टरनेट’ नावाचा दुसरा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा भाग, आहे. तो साधारण निम्म्या वेगाने चालतो पण आतली आकडेमोड हजारपट अचूक करतो, असे त्याच्या मदतपुस्तिकेतच म्हटले आहे. किलोव्होल्टांच्या कामात मी तोच चालू ठेवतो. गिगाओहमचा डिव्हायडर (उच्च व्होल्टेज मोजण्यासाठी ते विभागणारे रोध) आणि मिलिओहमचा स्विच एकाच फाइलमध्ये असले की रोधांचे गुणोत्तर दहाच्या बाराव्या घातापर्यंत जाते आणि दुहेरी अचूकतेचे पंधरा-सोळा अंकही अपुरे वाटू लागतात. तेथे या सॉल्व्हरचा फरक जाणवतो.

जीमिन या पर्यायाबद्दलही सावध राहावे. प्रत्येक पीएन जोडाला समांतर असा एक अतिसूक्ष्म वाहक स्पाइस स्वतःहून जोडते, त्याचे नेहमीचे मूल्य १ टेराओहम रोधाइतके. आपल्या मल्टिप्लायरमधल्या डायोडवर उलट दिशेने १० किलोव्होल्ट येतात, तेव्हा त्यातून १० नॅनोअँपिअर गळतात, ज्यांकडे दुर्लक्ष करता येते. पण सर्किट अभिसरित होईना, म्हणजे उत्तर स्थिरावेना, की त्रासलेला माणूस जीमिन हजारपट वाढवतो आणि विसरतो. मग प्रत्येक डायोडमधून १० मायक्रोअँपिअर गळू लागतात, आणि आउटपुट मोजणाऱ्या १ गिगाओहमच्या डिव्हायडरमधून एकूण ५०च मायक्रोअँपिअर वाहत असतात.

अंकगणित सांभाळले तरी मॉडेलचा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते निवडीचा निम्म्याहून अधिक भार त्याच्यावर आहे. सिम्युलेटरला काहीही फुटण्याची कल्पना नसते. डायोडच्या मॉडेलमध्ये ब्रेकडाउनचे मूल्य दिलेले नसेल तर ते अनंत धरले जाते, आणि हजार व्होल्टचा डायोड दहा हजार व्होल्ट उलटे सोसून शांतपणे पुढचे उत्तर देतो. एलटीस्पाइसच्या लायब्ररीतील कित्येक मॉस्फेटांच्या मॉडेलच्या ओळीत ड्रेन-सोर्स व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली दिसते. ती फक्त वाचणाऱ्याच्या माहितीसाठी असते, गणितात तिचा काहीही वापर होत नाही. रेझिस्टरचेही तेच. १२०६ आकाराच्या साध्या चिप रेझिस्टरवर सर्वसाधारणपणे २०० व्होल्टांपेक्षा जास्त लावू नयेत, मग त्याचे वॅटेज कितीही कमी वापरात असो. १० मेगओहमच्या रेझिस्टरवर २०० व्होल्टांना फक्त ४ मिलिवॅट उष्णता होते, म्हणून वॅटेज पाहणाऱ्याला धोका दिसतच नाही. सिम्युलेटरलाही दिसत नाही. त्यामुळे नव्या प्रोग्राममध्ये मी एक गोष्ट हटकून शोधतो: चाचणी संपल्यावर प्रत्येक घटकावरचे कमाल व्होल्टेज आपोआप मोजून मर्यादेशी ताडणारी सोय आहे का. ‘मेझर’ आज्ञा असलेल्या कोणत्याही स्पाइसमध्ये ती थोड्या खटपटीने बसवता येते, आणि ज्यात ती आज्ञा धड चालत नाही तो प्रोग्राम माझ्या यादीतून बाद होतो.

उच्च व्होल्टेजच्या डायोडांची मॉडेले तर बहुधा मिळतच नाहीत. दहा-वीस किलोव्होल्टचे, काही मिलिअँपिअरचे जे काडीसारखे डायोड मल्टिप्लायरमध्ये बसवले जातात, त्यांच्या आत अनेक जोड एकामागोमाग एक असतात. म्हणून त्यांचा फॉरवर्ड ड्रॉप ०.७ व्होल्ट नसून वीसपासून पन्नास व्होल्टांपर्यंतही असू शकतो. स्पाइसच्या डायोडमधील उत्सर्जन गुणांक जोडांच्या संख्येइतका वाढवला की हा ड्रॉप बऱ्यापैकी जुळतो. रिव्हर्स रिकव्हरी, म्हणजे वाहणे थांबवून उलट व्होल्टेज अडवू लागण्याचा काळ, एवढ्या सहजासहजी जुळत नाही. मूळ मॉडेल साठलेला विद्युतभार संपताच प्रवाह एकदम तोडते, प्रत्यक्षातला डायोड तो हळूहळू सोडतो. लॉरिट्झेन आणि मा यांनी १९९१ साली यावर सुधारित मॉडेल सुचवले, आणि एलटीस्पाइसच्या डायोडमध्ये या मऊपणासाठी वेगळा पॅरामीटर आहे. नवशिक्याने एवढे जरी पाळले, की मेन्सच्या रेक्टिफायरमधला १एन४००७ डायोड या ५० किलोहर्ट्झच्या कामात मॉडेल म्हणूनही वापरू नये, तरी बरीच फसवणूक टळेल.

कपॅसिटरची फसवणूक याहून मोठी. सिरॅमिक कपॅसिटरवरचे एक्स७आर हे सांकेतिक नाव फक्त तापमानाबद्दल बोलते: उणे ५५ ते १२५ अंशांत कपॅसिटन्स पंधरा टक्क्यांहून जास्त बदलणार नाही. डीसी व्होल्टेज लावल्यावर त्याचे काय होईल याबद्दल ते अक्षरही काढत नाही, आणि पूर्ण व्होल्टेजला निम्मे कपॅसिटन्स गमावणारे सिरॅमिक कपॅसिटर दुर्मीळ नाहीत. आपल्या सर्किटात १ नॅनोफॅरडचा अर्धा झाला तर १,९०० व्होल्टांचा उतार थेट ३,८०० होतो आणि रिपल ६०० व्होल्ट. म्हणून व्होल्टेजबरोबर बदलणारा कपॅसिटर प्रोग्राममध्ये लिहिता येतो का, आणि तो विद्युतभाराच्या सूत्राने लिहिता येतो का, हे पाहावे. कपॅसिटन्सचे सूत्र नुसते गुणून घातले तर काही ठिकाणी विद्युतभार जपला जात नाही आणि सर्किटात हवेतून ऊर्जा निर्माण होते. एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस दोन्हींत विद्युतभाराचे सूत्र देता येते.

ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत मात्र सगळे प्रोग्राम सारखेच आहेत, कारण मॉडेल आपल्यालाच करावे लागते. समजा ट्रान्सफॉर्मर एकास शंभर आहे आणि सेकंडरीच्या गुंडाळीची स्वतःची कपॅसिटन्स अवघी २० पिकोफॅरड. प्रायमरीकडून पाहताना ती दहा हजारपट होते, म्हणजे २०० नॅनोफॅरड. प्रायमरीकडून मोजलेले लीकेज इंडक्टन्स ५ मायक्रोहेन्री असेल तर या दोघांचा अनुनाद १५९ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, आणि ५० किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचा तिसरा हार्मोनिक आहे १५० किलोहर्ट्झ! मल्टिप्लायरचा भार हा अनुनाद काही अंशी दाबतो, तरी आदर्श ट्रान्सफॉर्मर घालून काढलेले सुबक चित्र आणि या दोन किरकोळ आकड्यांनंतरचे चित्र यांत ओळख पटणार नाही इतका फरक पडतो. अनुभवी लोक याच दोन ‘दोषांना’ कामाला लावून रेझोनंट कन्व्हर्टर करतात. असे करणाऱ्यासाठी प्रोग्रामचा वेग महत्त्वाचा होतो, कारण दर बदलानंतर शेकडो आवर्तने चालवून सर्किट स्थिरावण्याची वाट पाहावी लागते.

आता प्रत्यक्ष नावे. एलटीस्पाइस हे माझे रोजचे साधन आहे. माइक एंगेलहार्ट यांनी ते लिनियर टेक्नॉलॉजीसाठी लिहिले, ती कंपनी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसकडे गेली, आणि आजही ते मोफत व नोडच्या मर्यादेविना मिळते. एंगेलहार्ट यांनीच पुढे कॉर्व्होसाठी क्यूस्पाइस केले, जे २०२३ मध्ये आले. नियंत्रणाचा भाग सी प्लस प्लसमध्ये लिहून सर्किटाबरोबर चालवायचा असेल तर ते जरूर पाहावे. पीस्पाइसची परंपरा १९८४ पासूनची, आणि उत्पादकांची बरीच मॉडेले आजही प्रथम त्याच्याच बोलीत लिहिली जातात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या भागांभोवती काम असेल तर पीस्पाइस फॉर टीआय ही मोफत आवृत्ती पुरेशी ठरते. अडचण सांकेतिक केलेल्या मॉडेलांची आहे: पीस्पाइससाठी कुलूपबंद केलेले मॉडेल एलटीस्पाइसमध्ये उघडत नाही आणि उलटही नाही. म्हणून कोणते सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट किंवा कोणता गेट ड्रायव्हर वापरणार हे आधी ठरवून, त्याचे मॉडेल कोणकोणत्या रूपांत मिळते ते उत्पादकाच्या पानावर पाहावे, आणि मगच प्रोग्रामकडे वळावे. या क्रमाने गेले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

एनजीस्पाइस मुक्त स्रोताचे आहे, बर्कलेच्या तिसऱ्या आवृत्तीवर उभे आहे आणि किकॅड या पीसीबी आरेखनाच्या प्रोग्राममध्ये, त्याच्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून, आतूनच चालते. ज्या किकॅडमध्ये पीसीबी काढायचा त्याच स्कीमॅटिकवर सिम्युलेशन होणे ही लहान सोय नव्हे, कारण दोन प्रती ठेवल्या की त्या कधीतरी एकमेकींपासून दूर जातातच. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र बांधून ईसिम हे साधन केले आहे, आणि महाविद्यालयात शिकवणाऱ्याने लायसन्सच्या चिंतेत न पडता तेथूनच सुरुवात करावी. त्याच संस्थेत प्रा. महेश पाटील यांनी लिहिलेला सीक्वेल हा सिम्युलेटर तर स्पाइसचा वंशजही नाही. घटकाची समीकरणे वापरकर्त्याने स्वतः लिहावीत ही त्याची मूळ कल्पना, आणि आपल्याकडे असे काम झाले आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

प्लेक्स, पीसिम आणि सिम्प्लिस यांचा विचार वेगळा करावा. ते स्विचला तुकड्यातुकड्याने रेषीय मानतात, त्यामुळे कन्व्हर्टरचे नियंत्रण, लूपची (आउटपुट पाहून स्वतःला सावरणाऱ्या नियंत्रण-साखळीची) स्थिरता, सुरुवातीचा चढ हे सारे स्पाइसच्या मानाने कितीतरी लवकर दाखवतात. इन्व्हर्टरचा लूप बसवायचा असेल तर त्यांचा मोबदला वसूल होतो. दहा किलोव्होल्टच्या रचलेल्या स्विचमध्ये मॉस्फेटांची वाटणी पाहायची असेल तर ते चुकीचे हत्यार आहे, कारण नेमके जे पाहायचे तेच त्यांनी सोपे करून टाकलेले असते. ईएमटीपीचे घराणेही निराळे: हर्मन डॉमेल यांनी बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये ते उभे केले, १९६९ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि ते पारेषण वाहिन्यांवरील वीज पडणे, स्विचिंगचे झटके यांसाठी आहे. चंद्रपूर ते पडघे या ५०० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीचा अभ्यास करणाऱ्याचे ते साधन. ‘उच्च व्होल्टेज’ हा शब्द सारखा आहे म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने त्याच्यामागे लागू नये.

या सर्वांत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो विद्युतक्षेत्राचा प्रोग्राम, आणि माझ्या दृष्टीने तो निवडीचाच भाग आहे. डेव्हिड मीकर यांचे मोफत एफईएमएम द्विमितीत आणि अक्षाभोवती सममित अशा रचनांत क्षेत्र काढते. त्रिमितीसाठी फिनलंडच्या सीएससी केंद्राचे एल्मर आहे. आपल्या ५० किलोव्होल्टच्या डिव्हायडरचा १ गिगाओहमचा लांब रेझिस्टर धातूच्या पेटीपासून काही सेंटिमीटरवर उभा आहे, आणि त्याच्या-पेटीच्या दरम्यान १ पिकोफॅरड आहे असे समजा. तेवढ्याने १ मिलिसेकंदाचा कालांक (टाइम कॉन्स्टंट) तयार होतो. नियंत्रणाचा लूप याच डिव्हायडरवरून चालतो, म्हणून स्कीमॅटिकवर नसलेला हा १ पिकोफॅरड सगळ्या लूपची चाल बिघडवू शकतो. तो आकडा अंदाजाने टाकण्याऐवजी एफईएमएममधून काढून स्पाइसमध्ये लिहावा. रचलेल्या मॉस्फेटांच्या गेट ड्रायव्हरचेही तसेच: १० किलोव्होल्ट ५० नॅनोसेकंदांत उतरले तर प्रत्येक नॅनोसेकंदाला २०० व्होल्ट, आणि वरच्या ड्रायव्हरच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये ५ पिकोफॅरड असले तर त्यातून पूर्ण १ अँपिअर ग्राउंडकडे जातो.

क्षेत्राचा प्रोग्राम दुसरेही सांगतो, जे कोणतेही स्पाइस सांगणार नाही: ठिणगी कोठे पडेल. समुद्रसपाटीला, एकसारख्या क्षेत्रात हवा साधारण दर मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट सोसते, पण सोल्डरचे टोक किंवा पीसीबीच्या तांब्याची तीक्ष्ण कड असली की स्थानिक क्षेत्र सरासरीच्या कितीतरी पट होते. पीसीबी आरेखनाच्या आयपीसी-२२२१ या मानकातील नियमाने उघड्या, लेप न दिलेल्या बाह्य वाहकांत ५०० व्होल्टला अडीच मिलिमीटर आणि त्यापुढे दर व्होल्टला ०.००५ मिलिमीटर धरले तर १० किलोव्होल्टला ५० मिलिमीटर होतात. पेटी लहान हवी असते, म्हणून एवढे अंतर कोणाला परवडत नाही, आणि मग पॉटिंग (राळेत बंदिस्त करणे), तेल, खाचा, गोल कडा यांची जुळवाजुळव सुरू होते. ती अंदाजाने करण्यापेक्षा क्षेत्र पाहून करणे स्वस्त पडते.

शेवटची चाचणी आर्कची, म्हणजे आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत उडणाऱ्या ठिणगीची. आउटपुट कधीतरी ग्राउंडला चमकणारच, पावडर कोटिंगमध्ये तर हमखास, आणि पुरवठा त्यातून वाचला पाहिजे. स्मूदिंगच्या रांगेतील पाच कपॅसिटर मिळून ०.२ नॅनोफॅरड होतात, ५० किलोव्होल्टला त्यांत पाव जूल ऊर्जा असते. मीटरभर तारेचे १ मायक्रोहेन्री धरले आणि दुसरे काहीच अडवणारे नसले तर प्रवाह सातशे अँपिअरपर्यंत उसळू शकतो, रांगेतले व्होल्टेज उलटू पाहते आणि काही मिलिअँपिअरच्या डायोडांमधून तो झटका जातो. आउटपुटला ५० किलोओहमचा रेझिस्टर लावला की शिखर १ अँपिअरवर येते, आणि नेहमीच्या भाराला त्यावर फक्त ५० व्होल्ट जातात. हे सिम्युलेटरमध्ये हिस्टेरेसिस असलेल्या (जोडण्याची आणि तुटण्याची पातळी वेगळी असलेल्या) स्विचने करता येते, पण येथे पुष्कळ प्रोग्राम थांबतात: ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ म्हणून हात वर करतात. स्विच एकदम जोडला जाण्याऐवजी काही नॅनोसेकंदांत सरकत जोडला जाईल असा करावा, आणि त्याचा जोडलेल्या अवस्थेतला रोध वास्तवातल्या आर्कसारखा काही ओहमचा ठेवावा. एवढी सवलत देऊनही जो प्रोग्राम आर्क ओलांडत नाही, त्याच्यावर मी दुसऱ्या कशासाठीही पैसे खर्च करणार नाही.

मॉडेल प्रत्यक्षाशी ताडताना मोजणारे साधनही स्कीमॅटिकवर काढावे. टेक्ट्रॉनिक्सचा पी६०१५ए हा प्रसिद्ध प्रोब १०० मेगओहम आणि ३ पिकोफॅरडचा आहे, आणि डीसीला २० किलोव्होल्टपर्यंतच चालतो. म्हणजे ५० किलोव्होल्टच्या आउटपुटला तो लावायचाच नाही. पहिल्या पायरीच्या १० किलोव्होल्टच्या नोडला लावला तरी तो १०० मायक्रोअँपिअर ओढतो, आपल्या भाराच्या एक-दशांश. तेवढा भार फाइलमध्ये नसेल तर पडद्यावरचा आणि ऑसिलोस्कोपवरचा आकडा जुळणार नाहीत, आणि माणूस उगाच डायोडचे मॉडेल बदलत बसेल.

फाइलींच्या आयुष्याबद्दल थोडेसे. मायक्रो-कॅप हे एकेकाळी विकत घ्यावे लागणारे चांगले साधन २०१९ मध्ये कंपनी बंद करताना मोफत देण्यात आले. आजही ते चालते, पण त्यात आता नवे काही येणार नाही. उच्च व्होल्टेजची यंत्रे दहा-पंधरा वर्षे सेवेत राहतात आणि त्यांची दुरुस्ती करणाऱ्याला मूळ सिम्युलेशन उघडावे लागते. म्हणून काम कोणत्याही प्रोग्राममध्ये केले तरी साधी मजकूर-रूपातील नेटलिस्ट (घटक आणि त्यांच्या जोडण्यांची यादी), वापरलेली सर्व मॉडेले आणि चूक-मर्यादांची सेटिंगे मी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि शक्य तेथे ती एनजीस्पाइसमध्ये चालवून पाहतो.

लहान कार्यशाळेने माझ्याकडे सल्ला मागितला तर मी एलटीस्पाइस, किकॅडसह एनजीस्पाइस आणि एफईएमएम एवढ्यावर काम सुरू करायला सांगेन. तिघांचे मिळून लायसन्सचे पैसे शून्य. लूपवर महिने घालवणारे काम आले तर प्लेक्स किंवा सिम्प्लिस यांपैकी एकाची चाचणी-प्रत घेऊन वर सांगितलेला मल्टिप्लायर त्यात चालवून पाहावा. पण सॉफ्टवेअरसाठी रक्कम मंजूर झालीच असेल आणि हाताशी अजून ५० किलोव्होल्ट मोजू शकणारा, कॅलिब्रेट केलेला डिव्हायडर नसेल, तर ती रक्कम आधी त्या डिव्हायडरवर खर्च करावी.